ऑनलाइन आरपीजी: महिन्याची वर्गणी बरी, की फुकट गेम आणि आत दुकान?

तिसरा_पहारा

आमची गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची टोळी, सात वर्षं चालली. यादीत चाळीसेक नावं, त्यातले पंचवीस जण नियमित, आठवड्यातून दोन रात्री रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून बड्या शत्रूंवर, बॉसवर, स्वारी. गेम महिन्याच्या वर्गणीवर होता. मग एका मोठ्या पॅचबरोबर (गेममधल्या बदलांच्या हप्त्याबरोबर) तो फुकट झाला आणि आत दुकान उघडलं. गेमचं नाव मुद्दाम घेत नाही. मला त्या कंपनीशी भांडायचं नाही, नेमकं काय झालं ते समजून घ्यायचं आहे.

पहिला महिना मजेत गेला. सोडून गेलेले जुने भिडू परत आले, ओस पडलेली शहरं पुन्हा भरली. दुसऱ्या महिन्यापासून बॅग भरायला लागली. त्या पॅचमध्ये नवनवे तुकडे पडायला लागले होते: स्फटिक, स्फटिकांची धूळ, मुद्रा, अर्ध्या मुद्रा. त्यातही काही विकता येणारे आणि काही आपल्याच नावाला बांधलेले, म्हणजे एकाच वस्तूला दोन घरं. पूर्वी अख्खी रेड संपली तरी बॅगेत दहा-बारा घरं रिकामी असायची. आता पहिला बॉस पडला की 'बॅग भरली आहे' अशी लाल अक्षरं यायची आणि त्याच्या बरोबर खाली सोनेरी बटण असायचं, 'जागा वाढवा'. चोवीस माणसं ताटकळत उभी, आणि आमचा मुख्य टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा भिडू, जमिनीवर बसून काय फेकायचं ते ठरवतोय. दर बॉसनंतर हेच. व्हॉइस चॅटवर ज्या वेळात आम्ही पुढच्या बॉसचं नियोजन करायचो, त्या वेळात आता शांतता असायची.

चार महिन्यांत रेड बंद पडली. कुणी भांडून गेलं नाही. लोक हळूहळू यायचे थांबले.

तेव्हापासून कुठलाही नवा गेम बघताना मी एकच गोष्ट तपासतो: दुकानात जे विकायला ठेवलंय, त्याची गरज गेम बनवणाऱ्यांनीच तयार केली आहे का? बॅग छोटी करणारा आणि बॅग विकणारा एकच असेल, तर तो गेम मला फुकट नको. माझा कौल वर्गणीला आहे. तुमचे अनुभव सांगा, विरोधी मत असेल तर आवर्जून सांगा.

जुना_मोडेम

चांगला विषय. थोडा मागचा संदर्भ देतो, कारण वर्गणी हीच मूळ पद्धत होती असं आपण धरून चालतो, आणि ते तसं नाही.

सुरुवातीला मीटर होता. एओएल या अमेरिकन इंटरनेट सेवेवरचं 'नेव्हरविंटर नाइट्स' १९९१ साली सुरू झालं, तेव्हा खेळायला तासावर पैसे पडायचे. डिसेंबर १९९६ मध्ये एओएलनं महिन्याचा एकच दर आणला. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' महिना ९.९५ डॉलरवर आलं, १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' त्याच वाटेनं गेलं, आणि २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नं १४.९९ डॉलरचा आकडा असा रुजवला की पुढच्या जवळजवळ प्रत्येकानं तोच लावला.

म्हणजे वर्गणी आली ती सुटका म्हणून. मीटरवर खेळताना प्रत्येक मिनिटाला धाकधूक असायची. तळ्याकाठी मित्राशी गप्पा मारत बसायलाही पैसे पडत. वर्गणीनं तो काटा काढला, आणि मगच गिल्ड, गप्पा, लग्नं, मिरवणुका हे सगळं या जगांत फुललं. तुमची गिल्ड ज्या मातीत वाढली ती माती हीच.

निळावंती

पहारादादा, गिल्ड मोडल्याचं वाचून वाईट वाटलं. मी नऊ वर्षं हीलर (भिडूंच्या जखमा भरणारी) आहे, अशा दोन गिल्ड माझ्याही गेल्या. पण वर्गणी निर्मळ आणि दुकान वाईट हे मला पटत नाही.

वर्गणीवाला गेम महिने विकतो. त्यामुळे जे काम दहा दिवसांत होईल ते दोन महिन्यांवर कसं नेता येईल, याकडे त्याचा ओढा असतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा २०१२ चा विस्तार 'मिस्ट्स ऑफ पंडारिया' आठवा. गोल्डन लोटस या गटाची मर्जी ठरावीक पातळीला पोचेपर्यंत शाडो-पॅन आणि ऑगस्ट सेलेस्टियल्स या दोन गटांच्या डेली, म्हणजे रोजची नेमून दिलेली कामं, उघडायच्याच नाहीत. रोज त्याच दरीत तीच कामं. कामावरून आल्यावर माझ्याकडे दीड तास असायचा. त्यातला तासभर त्या डेलींत जायचा आणि गिल्डसोबत डंजनला (छोट्या गटाच्या मोहिमेला) जायला अर्धा तास उरायचा. तिथं 'जागा वाढवा' असं सोनेरी बटण नव्हतं, पण माझी संध्याकाळ तर गेलीच ना?

दुकान पैशासाठी त्रास देतं, वर्गणी दिवसांसाठी ताटकळत ठेवते. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याला दुसरी गोष्टही तितकीच महाग पडते.

एकांडा

मी बहुतेक एकटाच खेळतो, त्यामुळे गिल्डच्या गोष्टी मला कमी कळतात. पण एक सांगावंसं वाटतं. या जगात मी आलो तेच फुकटच्या दारातून. शाळेत होतो, कार्ड नव्हतं, घरी मागायची सोय नव्हती. 'रूनस्केप' ब्राउझरमध्ये उघडायचं आणि झाडं तोडत बसायचं. २००२ पासून त्यात सभासदत्व होतं, सभासदांना नकाशाचा मोठा भाग आणि जास्तीची कौशल्यं मिळायची. पण फुकटच्या बाजूला जे होतं ते पूर्ण होतं. तिथं कुणी माझी वाट अडवत नव्हतं, मला फक्त कुंपणापलीकडे आणखी जग दिसत होतं. कमवायला लागल्यावर पहिल्या महिन्यात सभासदत्व घेतलं, आणि ते अगदी मनापासून घेतलं.

वर्गणीची भिंत असती तर आज मी या धाग्यावर नसतो.

तिसरा_पहारा

@निळावंती ताई, डेलीचं मान्य. तशाच डेलींनी आमचेही तीन जण थकून गेले होते, आणि मी गिल्डप्रमुख म्हणून त्यांनाच 'डेली पूर्ण करून या' असं सांगत होतो. त्याचं आजही वाईट वाटतं.

@एकांडा, तुम्ही म्हणता तो फरक मला मोलाचा वाटतो. कुंपणापलीकडचं जग विकणं वेगळं आणि अंगणात काटे पसरून चपला विकणं वेगळं.

पॅचनोट

मी काही वर्षं एका स्टुडिओत या विषयाच्या जवळ काम केलंय, त्यामुळे हे आतून कसं चालतं ते सांगतो.

फुकट गेममध्ये बहुतेक लोक कधीच पैसे देत नाहीत. थोडे लोक थोडे देतात आणि अगदी मोजके लोक खूप देतात. घर त्या मोजक्यांवर चालतं. मग बाकीचे कशाला हवेत? कारण रिकाम्या जगात सोन्याचं चिलखत घालून मिरवणार कुणापुढे? लढाईत समोर कोण उभं राहणार, बाजारात माल कोण आणणार? फुकट खेळणारा हा त्या मोजक्यांना मिळणाऱ्या मालाचाच भाग असतो. हे कटू आहे, पण एकदा हे कळलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

वर्गणीत प्रत्येकाकडून सारखेच पैसे येतात, त्यामुळे प्रत्येक जण सारखाच मोलाचा असतो. बैठकीत प्रश्न असतो, 'लोक का सोडून जातायत?' दुकानवाल्या गेमच्या बैठकीत त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, 'लोक कुठं अडतायत, आणि तिथं काय ठेवता येईल?' बहुतेक डिझायनर मनानं चांगले असतात. आपणहून बॅग छोटी करायला कुणी बसत नाही. पण नवा तुकडा जोडताना 'याला वेगळं घर लागेल' असं कुणी म्हणालं, की वर्गणीच्या गेममध्ये ती अडचण ठरते आणि दुकानाच्या गेममध्ये ती चालून जाते. दहा पॅचमध्ये असं दहा वेळा चालून गेलं की तुमचा टँक जमिनीवर बसतो.

जुना_मोडेम

@पॅचनोट, शेवटचा परिच्छेद फार नेमका.

कंपन्या तिकडे का वळल्या तेही सांगायला हवं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन' २००६ मध्ये वर्गणीवर आलं आणि रखडलं. सप्टेंबर २००९ मध्ये ते फुकट झालं, आणि काही महिन्यांतच उत्पन्न ५०० टक्क्यांनी वाढल्याचं ते बनवणाऱ्या टर्बाइन कंपनीनं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी त्यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन'लाही तीच वाट दाखवली. मग रांगच लागली. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' डिसेंबर २०११ मध्ये वर्गणीवर आलं आणि वर्षही पुरं व्हायच्या आत, नोव्हेंबर २०१२ मध्ये, फुकट झालं. 'वाइल्डस्टार' २०१४ मध्ये वर्गणीवर, २०१५ मध्ये फुकट, २०१८ मध्ये कायमचं बंद.

यातला फरक बघण्यासारखा आहे. टर्बाइननं मुख्यतः मोहिमा विकल्या, हा प्रदेश घ्या, हे डंजन घ्या. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये खेळून पॉइंट मिळवायचे आणि त्यातून प्रदेश उघडायचे, हेही शक्य होतं. उलट 'ओल्ड रिपब्लिक'नं फुकट खेळाडूच्या पडद्यावरच्या हॉटबारच मोजून दिल्या. तलवार चालवायची बटणं ठेवायला जागा विकत घ्यायची! खात्यात किती पैसे ठेवता येतील यालाही कमाल मर्यादा, वरचे पैसे वेगळ्या पेटीत अडकलेले. गोष्ट फुकट, हात बांधलेले.

निळावंती

'आर्केएज'मधला श्रमाचा हिशोब कुणी अनुभवलाय का? शेती, खाणकाम, पेरणी, अगदी सापडलेली थैली उघडायलाही श्रमाचे पॉइंट लागायचे. वर्गणीदाराचे पॉइंट झोपेतही भरायचे, फुकट खेळाडूचे फक्त लॉगिन असताना. आणि स्वतःची जमीन फक्त वर्गणीदाराला. मी माझा संगणक रात्रभर चालू ठेवायचे, पॉइंट भरावेत म्हणून. सकाळी उठून बघायचे तर पात्र तिथंच उभं, डोक्यावर पाऊस पडतोय. एक दिवस त्याच्याकडे बघताना वाटलं की हिला मी राबवतेय की ही मला? तो गेम त्याच दिवशी सोडला. वाईट याचं वाटतं की जहाजं, व्यापार, जमिनी अशी कल्पना एवढ्या ताकदीनं मी पुन्हा कुठं पाहिली नाही.

खाणकामगार

तिसरा रस्ता कुणी काढला नाही म्हणून लिहितो. 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या गेममध्ये प्लेक्स असतं, वॉरक्राफ्टमध्ये २०१५ पासून टोकन आहे: दोन्ही वर्गणीच्या बदल्यात चालणाऱ्या वस्तू. ज्याच्याकडे पैसे आहेत तो टोकन २० डॉलरला घेतो आणि गेममधल्या बाजारात सोन्याच्या बदल्यात विकतो. ज्याच्याकडे वेळ आहे तो सोनं कमावून ते घेतो आणि त्याचा एक महिना निघतो. मी स्वतः दोन वर्षं ईव्ह एक पैसा न देता खेळलो, फक्त खनिज खणून.

हे फुकट नाही, नीट बघा. माझा महिना कुणीतरी भरतच होतं. टोकनमध्ये तर १५ डॉलरच्या महिन्याचे कंपनीला २० मिळतात. पण चोरून सोनं विकणाऱ्यांकडे जाणारं गिऱ्हाईक यातून कमी होतं, आणि बाहेरून पैसा आत आला तरी नवं सोनं जन्माला येत नाही, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातं. अर्थव्यवस्थेच्या दृष्टीनं ही गोष्ट मोठी आहे.

आता त्याची दुसरी बाजू. महिनाअखेर जवळ आली की मी खेळत नव्हतो, पाळी भरत होतो. एवढे क्यूबिक मीटर आज, एवढे उद्या. टोळीतले मित्र लढाईला बोलवायचे आणि मी म्हणायचो, थांबा, कोटा राहिलाय. शेवटी सरळ वर्गणी भरायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात तीन जहाजं हौसेनं उडवून घेतली. इतकं हलकं वाटलं!

आणि ईव्हमध्येच जून २०११ ला काय झालं ते विसरू नका. वर्गणीच्या गेममध्ये दुकान आलं आणि त्यात डोळ्याला लावायच्या एका भिंगाची किंमत साठ डॉलरच्या वर. लोकांनी गेममधल्या जिटा या मोठ्या बाजारपेठेतल्या स्मारकाभोवती जमून त्यावर गोळ्यांचा वर्षाव केला. स्मारक फुटत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. खरी भीती भिंगाची नव्हती, उद्या तोफा विकतील याची होती. कंपनीला मागं यावं लागलं. खेळाडू एकत्र आले तर ऐकलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सांजवेळ

इतका वेळ फक्त वाचत होते. बॅगेपेक्षा गंभीर गोष्ट राहून जातेय म्हणून लिहिते: नशिबाच्या पेट्या, म्हणजे लूट बॉक्स. पैसे आधी द्यायचे, आत काय निघेल ते नशिबावर.

माझा धाकटा भाऊ एका फुकट गेममध्ये पंख मिळवण्यासाठी पेट्या उघडत होता. एका रात्री मी त्याच्या मागं उभी होते. पेटी थरथरते, प्रकाश पडतो, सोनेरी कडा क्षणभर दिसते आणि निळी होऊन थांबते. त्यानं माझ्याकडे न बघता पुढची उघडली. पंख मिळाले तेव्हा तो हसलाही नाही, नुसता श्वास सोडला. त्याचा महिन्याचा सगळा पगार गेला होता. त्याला खेळ आवडत होता हे मला माहीत आहे, पण त्या रात्री तो खेळत नव्हता.

हे नुसतं आपलं रडगाणं नाही. संच पूर्ण केला तरच बक्षीस देणाऱ्या गाचावर (अशाच नशिबाच्या सोडतीवर) जपाननं २०१२ मध्ये बंदी आणली. बेल्जियमनं एप्रिल २०१८ मध्ये पैसे घेऊन विकलेल्या लूट बॉक्सला जुगार ठरवलं. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियात 'मेपलस्टोरी' गेममधल्या क्यूबबद्दल (वस्तूचे गुण नशिबावर बदलणाऱ्या, विकत मिळणाऱ्या ठोकळ्यांबद्दल) नेक्सॉन कंपनीला ११६० कोटी वॉनचा दंड झाला. शक्यता गुपचूप घटवल्या होत्या, आणि काही जोड्या निघण्याची शक्यता तर चक्क शून्य होती. लोक न निघणाऱ्या गोष्टीसाठी पैसे टाकत होते. त्यानंतर मार्चपासून तिथं शक्यता जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक आहे.

वर्गणीत कमाल तोटा ठरलेला असतो. महिन्याला एवढे, बस्स. पेटीला तळ नसतो. पहारादादांच्या कसोटीला माझी ही भर: या गेममध्ये एका महिन्यात जास्तीत जास्त किती खर्च होऊ शकतो? उत्तर आकड्यात देता येत नसेल तर घरातल्या पोरांना मी तो लावू देणार नाही.

एकांडा

सांजवेळ ताई, भाऊ आता बरा आहे ना?

सांजवेळ

हो. खातं त्यानं स्वतः बंद केलं. आता एकदाच विकत घ्यायचे गेम खेळतो. विचारलंत, बरं वाटलं.

जुना_मोडेम

एकदाच विकत घ्यायचे म्हणजे 'गिल्ड वॉर्स'ची वाट. २००५ मध्ये त्यांनी महिन्याची वर्गणीच ठेवली नाही. ते परवडावं म्हणून जगाची रचनाच वेगळी केली: शहरात सगळे एकत्र दिसायचे, शहराबाहेर पाऊल टाकलं की तुमच्या गटापुरतं वेगळं जग. पैसा विस्तार विकून आला. पैशाची पद्धत आधी ठरली आणि नकाशा तिच्या मापानं बेतला. 'गिल्ड वॉर्स २' मध्ये दुकान आलं, त्यात बॅगेची जागाही विकतात, पण गेममधलं सोनं देऊन रत्नं (त्या दुकानाचं चलन) घेता येतात, आणि जुनं चिलखत वर्षानुवर्षं कामाचं राहतं. वर्षभर नाही खेळलं तरी परत येऊन त्याच गटात बसता येतं. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते.

तिसरा_पहारा

सांजवेळ ताईंची कसोटी माझ्यापेक्षा जास्त कामाची आहे, मी ती उचलतो.

माझ्या मतात थोडा फरक पडलाय, तो प्रामाणिकपणे मांडतो. कालपासून 'फायनल फँटसी १४' नीट तपासत होतो, कारण वर्गणीचा आदर्श म्हणून तोच माझ्या डोक्यात होता. २०१० मध्ये आला तेव्हा इतका फसला की कंपनीनं बरेच महिने वर्गणीच घेतली नाही. २०१३ मध्ये नव्यानं बांधून पुन्हा वर्गणीवर आणला, आणि तो टिकला. थोडे दिवस थांबा, दुसरं काही खेळा, मग या, असं त्यांचा दिग्दर्शक जाहीरपणे सांगतो. हे सगळं खरं. पण तिथंही सामान सांभाळणारा जास्तीचा रिटेनर हवा असेल तर वर्गणीच्या वर महिन्याला वेगळे पैसे आहेत. आणि गेममध्ये घर घेतलं आणि ४५ दिवस आत पाऊल टाकलं नाही, तर ते पाडलं जातं. जागा मर्यादित आहेत, रांगेत लोक आहेत, कारण कळतं. तरी ज्यानं दोन वर्षं एकेक खुर्ची जमवून घर सजवलं, तो त्या घराच्या भीतीनं वर्गणी भरत राहणार. म्हणजे माझी बॅग इथंही आहे, फक्त भिंतीला टेकवून ठेवलेली.

म्हणून 'वर्गणी बरी' हे माझं वाक्य मी अर्धं मागं घेतो. वर्गणीत अडवणूक मोजता येते आणि सगळ्यांना सारखी लागते, एवढंच आता म्हणतो. गिल्ड चालवणाऱ्याला ते 'एवढंच' पुष्कळ आहे. माझ्या पंचवीस जणांत कुणी विकत घेतलेलं चिलखत घालून आलं नव्हतं, आणि कुणाला पैसे नाहीत म्हणून बाकावर बसावं लागलं नव्हतं. रेडच्या दारात सगळे सारख्या कपड्यांत उभे असायचे.

पॅचनोट

त्याच गेमची फुकट चाचणी बघितलीत का? २०२३ पासून ७० व्या पातळीपर्यंत दोन विस्तारांसकट खुली आहे आणि मुदत नाही. बंधनं वाचून लोक चिडतात: बाजार नाही, देवघेव नाही, सोन्याला तीन लाखांची मर्यादा, पार्टी स्वतः तयार करता येत नाही, फ्री कंपनीत (तिथल्या गिल्डमध्ये) जाता येत नाही. पण यादी पुन्हा वाचा. यातलं प्रत्येक बंधन सोनं विकणाऱ्या बॉटच्या (आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामच्या) पायात घातलेलं आहे. फुकट खातं म्हणजे हजार खाती, आणि हजार खाती म्हणजे बाजाराचा चुराडा. आणि ही बंधनं एकेक करून विकायला ठेवलेली नाहीत. फुकटचं दार असंही ठेवता येतं.

तिसरा_पहारा

बघितली, आणि त्यावरूनच पुढचं सुचलं. काल रात्री जुन्या यादीतल्या सगळ्यांना निरोप टाकले. माझ्यासकट अकरा जण व्हॉइसवर आले, आमचा टँकही. दीड वर्षानं त्याचा आवाज ऐकला. दोघांची नोकरी गेली आहे, एकाला बाळ झालंय, त्यामुळे सगळ्यांनी वर्गणी भरायची अट मला घालायची नाही. ठरलंय ते असं: मी एकटा वर्गणी घेतो आणि पार्टी बनवतो, बाकीचे चाचणीच्या खात्यावर येतील. आठजणांच्या लढाया उघडल्या की आठ आत, तीन बाहेर, पुढच्या फेरीत अदलाबदल. मी बोलावलं तर चाचणीवाल्यांना पार्टीत येता येतं ना? सुरू करायच्या आधी खात्री हवी.

पॅचनोट

येता येतं. आमंत्रण नेहमी तुमच्याकडून जायला हवं. एक मात्र सगळ्यांना आधीच सांगून ठेवा: एकदा वर्गणीच्या खात्यावर गेलं की चाचणीत परत येता येत नाही. हौसेनं कुणी घाईत बटण दाबू नका.

निळावंती

हीलर आहे का तुमच्याकडे?

तिसरा_पहारा

एक आहे, एक कमी पडतोय. शनिवारी रात्री दहा वाजता. डेली करायला सांगणार नाही.

निळावंती

येते.